आधी पाय टेकू देत

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातल्या घरांत बसायच्या जागा कमी नसतात. हॉलमध्ये सोफा-कम-बेड असतो, भिंतीला लावलेलं फोल्डिंगचं डायनिंग टेबल असतं, पाहुणे आले की एकात एक रचून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या सुट्या होतात आणि जुन्या घरात माळ्यावर दोन-तीन पाटही सापडतात. नसते ती आठ तास बसून काम करायची खुर्ची. तिची कधी गरजच पडली नव्हती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली आणि पुढे इथली रीत हळूहळू ठरत गेली: नोकरी तिकडे, मुक्काम इकडे. टेबल-खुर्ची ऑफिसने द्यायची, आपण फक्त डबा न्यायचा.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि ही वाटणी मोडली. लॅपटॉप घरी आला, खुर्ची ऑफिसातच राहिली. पलंगाच्या कडेवर, सोफ्यावर, डायनिंगच्या लाकडी खुर्चीवर माणसं बसली आणि महिन्या-दोन महिन्यांत कंबर धरून उठू लागली. आता अनेकांचं काम आठवड्यातले काही दिवस घरून, काही दिवस ऑफिसातून असं चालतं. सीए किंवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं तर या खुर्चीत नोकरदारांपेक्षाही जास्त तास काढतात. खुर्ची हवी हे सगळ्यांना पटलंय. बजेट मात्र बहुतेकांचं पाच ते दहा हजारांच्या आत, आणि घर वन बीएचके.

दुकानात आपण आधी दिसणं बघतो, मग किंमत विचारतो आणि शेवटी दोन मिनिटं बसून बघतो. हा क्रम उलटा करायला हवा. त्याहीआधी घरी टेप काढून दोन मापं घ्यायला हवीत. एक आपल्या पायाचं, दुसरं आपल्या टेबलाचं.

पाच फूट उंचीची, म्हणजे १५२ सेंटिमीटरची एक बाई धरू. गुडघ्यामागच्या खळग्यापासून तळपायापर्यंतचं अंतर माणसाच्या उंचीच्या साधारण पाव भाग भरतं. तिचं आलं ३८ सेंटिमीटर. बाजारातल्या बऱ्याच रिव्हॉल्विंग खुर्च्यांचं आसन पूर्ण खाली आणलं तरी जमिनीपासून ४३-४५ सेंटिमीटरवर अडतं. फोम दबून एक-दोन सेंटिमीटर खाली गेला, तरी तिचे पाय नीट टेकत नाहीत. पाय लोंबकळले की आसनाची पुढची कड मांडीत रुतते. ती रुतू नये म्हणून बाई नकळत पुढे सरकते. पुढे सरकली की तिची पाठ खुर्चीच्या पाठीपासून सुटते, आणि कमरेच्या आधारासाठी मोजलेले जास्तीचे दीड हजार रुपये मागे हवेत राहतात. पाठदुखीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाचे आधी पाय बघावेत, असं मी म्हणतो ते यासाठी.

यात आणखी एक गंमत आहे. दुकानात आपण चप्पल-बूट घालून बसतो, घरी अनवाणी. बुटाची टाच दोन-तीन सेंटिमीटरची असते. दुकानात जेमतेम टेकणारे पाय घरी आले की अधांतरी. तेव्हा खुर्ची बघताना पादत्राणं काढून बसावं. दुकानदाराला त्याचं काही वाटत नाही.

आता टेबल. आपल्याकडे टेबल साधारण अडीच फूट, म्हणजे ७५ सेंटिमीटर उंचीचं असतं. बसल्यावर कोपर टेबलाच्या पातळीला यावं, म्हणजे खांदे उचलावे लागत नाहीत. आपल्या पाच फुटी बाईचं कोपर आसनापासून साधारण २१-२२ सेंटिमीटर वर असतं. हिशेब केला तर तिला आसन ५३ सेंटिमीटरवर हवं. पाय म्हणतात ३८, हात म्हणतात ५३. हा पंधरा सेंटिमीटरचा झगडा कुठलीही महागडी खुर्ची मिटवू शकत नाही, कारण दोष खुर्चीत नाही, टेबलात आहे. लाकडी टेबल असेल तर सुताराकडून पायांचे दोन इंच कापून घ्यावेत. उरलेली उंची पायाखाली भरावी. माळ्यावरचे पाट इथे कामाला येतात. एक पाट पुरला नाही तर दोन, एकावर एक, खाली घसरू नये म्हणून रबरी मॅटचा तुकडा. ऑनलाइन मिळणाऱ्या फूटरेस्टपेक्षा हे काही कमी काम करत नाही.

उंच माणसाचं दुखणं वेगळं. पावणेसहा-सहा फुटी मुलाचे पाय टेकतात, पण आसनाची खोली कमी पडते. आसनाची कड आणि गुडघ्याचा मागचा भाग यांत दोन-तीन बोटं जागा राहावी. याहून जास्त राहिली तर मांडीला आधार नाही आणि माणूस लोकलच्या चौथ्या सीटवर बसल्यासारखा दिवसभर बसतो. कमी राहिली तर पुन्हा कड रुततेच. स्वस्त खुर्च्यांत आसन पुढे-मागे सरकत नाही, त्यामुळे ही खोली विकत घेतानाच जुळायला हवी.

ही मापं जुळत नाहीत त्याचं एक कारण उघड आहे. स्वस्त खुर्चीचे साचे आपल्या अंगावरून घेतलेले नसतात. भारतीय शरीरमापांचं एक मोठं संकलन देबकुमार चक्रबर्ती यांनी केलं आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने, म्हणजे एनआयडीने, ते १९९७ मध्ये प्रसिद्ध केलं. भारतीय मानक ब्युरोने कामाच्या खुर्च्यांसाठी आयएस १७६३१ हे मानक काढलं ते २०२२ मध्ये. बाजारातल्या खुर्चीच्या खोक्यावर मात्र उंची, वजन आणि रंग एवढंच असतं. ऑनलाइन घेणार असाल तर जाहिरातीतली बाकी सगळी विशेषणं सोडा आणि एकच आकडा शोधा: आसनाची किमान उंची. तो दिलेलाच नसेल तर पुढच्या खुर्चीकडे वळा.

घरात ही खुर्ची एकाची नसते, हेही लक्षात घ्यायचं. सकाळी नवरा, दुपारी बायको, रात्री दहावीतली मुलगी. तिघांच्या उंचीत वीतभर फरक. म्हणून बसल्या बसल्या हाताला लागणारी आणि खरोखर हलणारी उंचीची दांडी, ही हेडरेस्टपेक्षा कितीतरी मोलाची. हेडरेस्ट तर माझ्या मते या किमतीत निव्वळ शोभा आहे. टाइप करताना डोकं तिथे टेकतच नाही.

मग पाठीचं काय? स्वीडनमध्ये गोटेनबर्गला आल्फ नाखेमसन या अस्थितज्ज्ञांनी १९६०च्या दशकात कमरेच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून तिच्यातला दाब मोजला. उभं असताना दाब १०० धरला, तर आधाराशिवाय बसल्यावर तो सुमारे १४०, आणि बसून पुढे वाकल्यावर १८५ भरला. हे आकडे जगभरच्या दवाखान्यांत तक्त्यांवर लागले आणि बसणं म्हणजे पाठीचा सत्यानाश अशी समजूत पक्की झाली. पुढे १९९९ मध्ये जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी नव्या साधनांनी पुन्हा मोजमाप केलं. एकाच स्वयंसेवकावर, पण जवळजवळ पूर्ण दिवसभर. त्यात बसण्याचा दाब उभं राहण्याएवढाच किंवा किंचित कमी निघाला आणि खुर्चीत आरामात रेलल्यावर तर बराच उतरला. पाठ मागे रेलली आणि कमरेला आधार मिळाला की चकतीवरचा भार हलका होतो, हे मात्र त्याआधी १९७०च्या दशकातल्या स्वीडिश मोजमापांतही दिसलं होतं.

याचा खरेदीशी संबंध असा. शाळेत बाई सांगायच्या तसं काटकोनात ताठ बसण्याची शिक्षा स्वतःला द्यायची गरज नाही. पाठ थोडी मागे झुकती ठेवता येईल अशी खुर्ची घ्यावी. बसताना मांडी आणि धड यांच्यातला काटकोन सगळा खुब्याच्या सांध्यात होत नाही. उरलेला बाक कमरेतून येतो आणि तिथलं नैसर्गिक आतलं वळण सपाट होतं. कमरेचा आधार हवा तो हे वळण राखायला. तो पट्ट्याच्या जागी किंवा जरा वर टेकला पाहिजे, बरगड्यांवर नव्हे. बऱ्याच खुर्च्यांत तो बरगड्यांवरच टेकतो, म्हणून तो वर-खाली होणारा असावा. मोठ्या माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो. तिचं पोषण आजूबाजूच्या भागातून झिरपून येतं आणि त्याला हालचाल मदत करते. त्यामुळे उत्तम खुर्चीतही पाऊण तासाने उठून पाणी पिऊन यायला हवं. खुर्चीवाले हे सांगत नाहीत.

आता खुर्ची उलटी करून बघू. दुकानात असं केलं की दुकानदाराला कळतं की गिऱ्हाईक तयारीचं आहे.

आसनाखाली उंची कमी-जास्त करणारा जो दांडा असतो त्याला सगळे 'हायड्रॉलिक' म्हणतात. खरं तर आत तेल नव्हे, दाबाखालचा नायट्रोजन वायू असतो. त्यावर क्लास ३ किंवा क्लास ४ असं छापलेलं असतं. क्लास ४ जाड पत्र्याचा, भारी माणसाला तोच घ्यावा. त्याच्या वर पत्र्याचा जो डबा दिसतो ती मेकॅनिझम. साध्या खुर्चीत आसन आणि पाठ एकत्रच मागे झुलतात, त्यामुळे रेलताना गुडघे वर उचलले जातात. सिंक्रो प्रकारात पाठ जास्त झुकते, आसन कमी, पाय जमिनीवर राहतात. आपले पैसे जर कुठे घालायचे असतील तर इथे. दुकानदार दोन्हींना 'पुशबॅक'च म्हणेल. नावावर जाऊ नका, बसून मागे रेला आणि टाच उचलली जाते का ते बघा.

आसनाच्या फोमवर अंगठा जोरात दाबावा. खालचं प्लायवुड लगेच हाताला लागलं तर सहा महिन्यांत ते दुसरीकडे लागणार. साच्यात ओतून केलेला, म्हणजे मोल्डेड फोम, कापून चिकटवलेल्या फोमपेक्षा टिकतो.

आणि रेक्झिन घेऊ नका. हे मी जरा आवाज चढवूनच सांगतो. ज्याला दुकानात 'लेदरेट' म्हणतात ते बऱ्याचदा कापडावर दिलेलं पॉलियुरेथेनचं लेपन असतं. दमट हवेतलं पाणी हळूहळू त्याच्या रेणूंची साखळी तोडतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओल्या फडक्यासारखी. दोन-तीन पावसाळे गेले की त्या रुबाबदार 'बॉस चेअर'ला पोपडे धरतात, काळे कपचे पाठीला, फरशीला, बाळाच्या तोंडाला लागतात. खुर्ची बंद खोलीत न वापरता ठेवली तरी हे होतं. शिवाय मे महिन्यात दुपारी दोनला वीज गेली की रेक्झिनवर बसून बघा.

जाळीची पाठ, म्हणजे मेश, या हवेला बरी. हे शहाणपण आपल्याला नवं नाही. सरकारी कचेऱ्यांतल्या जुन्या लाकडी खुर्च्यांना वेताची जाळी असे. ती विणण्याचं काम अनेक अंध कारागीर बोटांच्या अंदाजाने करत. हवा खेळते, वेत अंगाप्रमाणे थोडा दबतो, सैल झाला की पुन्हा विणता येतो. अमेरिकेत बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक यांनी १९९४ मध्ये हर्मन मिलर कंपनीसाठी एरॉन नावाची खुर्ची काढली, तिच्यात फोम आणि कापड दोन्ही काढून टाकून जाळी ताणली होती. आज दुकानात दिसणारी प्रत्येक मेश चेअर तिची दूरची नातेवाईक. फक्त एक सावधगिरी: स्वस्तात जाळी पाठीलाच चांगली. आसनालाही जाळी असेल तर ती वर्षभरात झोळी होते आणि पुढची कडक चौकट मांडीला लागते. पाठ जाळीची, आसन फोमचं, हे आपल्या बजेटचं उत्तर.

रेसिंग कारच्या सीटसारख्या लाल-काळ्या गेमिंग खुर्च्या मुलं मागतात. वळणावर ड्रायव्हर बाजूला फेकला जाऊ नये म्हणून त्या सीटला दोन्ही बाजूंनी उंच कडा असतात. डोंबिवलीच्या बेडरूममध्ये कुठलं वळण? त्या कडा मांड्या आत दाबतात आणि मांडी घालून बसायची सोय घालवतात. आपल्याकडे निम्मी माणसं खुर्चीवर पाय वर घेऊन मांडी घालतात. ती सवय जाणार नाही आणि अधूनमधून बदल म्हणून ती वाईटही नाही. त्यासाठी आसन रुंद असावं, हात काढता येणारे किंवा वर उचलता येणारे असावेत. हात टेबलाखाली जातात का तेही बघावं. न गेल्यास छोट्या खोलीत खुर्ची कायम वाटेत. पायाचा बेस पाच फाट्यांचा हवा आणि चाकं मऊ, पीयूची. कडक नायलॉनची चाकं व्हिट्रिफाइड टाइल्सवर घसरतात आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना वर बोलावतात.

कुठे घ्यावी? घोडबंदर रोड किंवा मानपाडा रोडवरच्या शोरूममध्ये बसून बघायला मिळतं, ते जरूर बघावं. तुर्भ्याला २०२० च्या डिसेंबरात उघडलेल्या आयकियात ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने थेट जाता येतं. तिथे वाटेल तेवढा वेळ बसा, कोणी उठवत नाही, आणि प्रत्येक खुर्चीच्या पाटीवर मापं लिहिलेली असतात. मापांचा अभ्यास करायला ती चांगली जागा. उल्हासनगरचा फर्निचर बाजार कल्याणच्या पुढे दोनच स्टेशनं. भाव पाडून मिळतो, पण एकाच साच्याची खुर्ची तीन दुकानांत तीन नावांनी असते. तिथे हायड्रॉलिकचा क्लास बघून घ्यावा आणि जीएसटीचं पक्कं बिल मागावं. बिलाशिवाय स्वस्तात दिली तर वॉरंटीही बिलासोबतच गेली.

माझा स्वतःचा कौल मात्र सेकंडहँडला आहे. एमआयडीसीची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ला झाली आणि ठाण्याचा वागळे इस्टेट हा तिच्या पहिल्या औद्योगिक वसाहतींपैकी. तिथले कारखाने गेले, काचेच्या इमारती आल्या आणि कंपन्या येत-जात राहिल्या. कंपनी जागा सोडते तेव्हा खुर्च्या लॉटने विकते. नामांकित कंपनीची पंधरा-वीस हजारांची वर्कस्टेशन चेअर साधारण चार ते सहा हजारांत जुन्या ऑफिस फर्निचरवाल्याकडे मिळू शकते. नव्या पाच हजारी खुर्चीच्या शेजारी ठेवून मागे रेलून बघा, फरक सांगावा लागत नाही.

जुनी घेताना थोडा वेळ काढावा. आसन पूर्ण वर घेऊन जमिनीपासूनची उंची टेपने मोजा, दहा मिनिटं बसा, पुन्हा मोजा. खाली आली असेल तर हायड्रॉलिक थकलंय. तेवढे पैसे कमी करून घ्या. पाठ धरून डावी-उजवीकडे हलवा. कुरकुर झाली तर चालेल, पाठ डुगडुगली तर नको. आणि शिवणींमध्ये, आसनाच्या खालच्या कापडात, टॉर्च मारून ढेकूण बघा. हसू नका. एकदा घरात आले की पेस्ट कंट्रोलमध्ये खुर्चीचे पैसे जातात.

इतकंही बजेट नसेल तर अडीच हजारांची कुठलीतरी चकचकीत रिव्हॉल्विंग खुर्ची आणू नये. त्यापेक्षा घरची डायनिंगची लाकडी खुर्ची बरी. गादीवाल्याकडून आसनाच्या मापाचा दोन इंची रिबॉन्डेड फोम कापून घ्यावा, खोळ घरी शिवावी, कमरेमागे टॉवेलची गुंडाळी बांधावी, पायाखाली पाट. प्लास्टिकची खुर्ची मात्र यातून वाचत नाही. तिचं आसन मागे उतरतं असतं, त्यामुळे टेबलाकडे वाकलं की कंबर गोल होतेच. उरलेल्या पैशांतून हजारभराचा साधा कीबोर्ड आणि माऊस आणावा आणि लॅपटॉप डोळ्यांच्या पातळीपर्यंत उचलावा. मराठी घरात दिवाळी अंकांची चळत त्यासाठी तयारच असते. लॅपटॉपमध्ये वाकून बसणाऱ्याला पन्नास हजारांची खुर्चीसुद्धा सरळ करू शकत नाही.

खुर्ची आली की ती चढवायची कशी, हा प्रश्न लिफ्ट नसलेल्या चारमजली इमारतींत खरा आहे. डिलिव्हरीवाला खोकं खालीच टेकवून जातो. खोकं उघडून बेस, आसन आणि पाठ वेगवेगळे वर न्यावेत, ते सोपं पडतं.

दोन-चार वर्षांनी खुर्ची बसल्या बसल्या खाली जाऊ लागेल. ती भंगारात देऊ नका. 'चेअर रिपेअरिंग'वाले घरी येऊन नवं हायड्रॉलिक साधारण हजाराच्या आसपास बसवून देतात; चाकं, हात, जाळी, सगळं सुटं मिळतं. बेसमध्ये दांडा घट्ट अडकलेला असतो, तो काढायला ते पाइप रेंच घेऊन येतात. जुना दांडा त्यांनाच घेऊन जायला सांगा. तो हातोड्याने ठोकायच्या किंवा भोक पाडून बघायच्या फंदात पडू नये. निकामी झाला तरी आतला वायू दाबाखाली असू शकतो.